काल्देरेता : शेवंडीचा ‘स्टू’ की शेवंडीची हंडी?

प्रश्न : स्पेनच्या मेनोर्का बेटावर कोळ्यांचा एक पदार्थ आहे, ‘काल्देरेता दे लांगोस्ता’. मराठीत त्याला सरसकट ‘लॉब्स्टर स्टू’ म्हटलेलं दिसतं. हे बरोबर आहे का? आणि ‘तो’ काल्देरेता म्हणायचं की ‘ती’?

प्रतिसाद : आधी भांडं बघा. स्पॅनिश व कातालान भाषांत ‘काल्देरा’ म्हणजे मोठा हंडा. ‘एता’ हा लहानपणा दाखवणारा प्रत्यय. म्हणजे काल्देरा-काल्देरेता ही जोडी आपल्या हंडा-हंडीसारखीच. भांड्याचं नाव पदार्थाला चिकटणं आपल्यालाही नवं नाही, ‘मटण हंडी’ म्हणतोच की. म्हणून ‘शेवंडीची हंडी’ हा शब्दाला शब्द ठेवून झालेला चपखल मराठी अनुवाद आहे. ‘स्टू’ मला पटत नाही. आपल्याकडे तो शब्द ऐकला की केरळचा नारळाच्या दुधातला इस्टू आठवतो. काल्देरेत्याचा रस मात्र सैल, लालसर आणि पावावर ओतायचा असतो.

‘काल्देरा’चा मूळ लॅटिन धातू ‘तापणे’ या अर्थाचा. कॅलरी त्यातलीच. गोव्यातलं काल्दीनही त्याच घरचं : पोर्तुगीज ‘काल्दो’ म्हणजे कढण, ‘काल्दिन्यो’ म्हणजे थोडंसं कढण. पण नातं नावापुरतं. काल्दीनमध्ये हळद आणि नारळाचा रस, मेनोर्कात दोन्ही नाहीत.

प्रतिसाद : ‘दे लांगोस्ता’ म्हणजे ‘शेवंडीचा’, ते गाळू नका. स्पेनच्या एक्स्त्रेमादुरा प्रांतात काल्देरेता मेंढीच्या कोकराचा होतो, फिलिपिन्समध्ये बोकडाचा. नुसत्या नावात समुद्र नाही.

आणि ‘लॉब्स्टर’ शब्दही इथे घोटाळा करतो. त्यात मोठ्या नांग्यांचा युरोपीय लॉब्स्टरही येतो, त्याला स्पॅनिशमध्ये ‘बोगाबांते’ म्हणतात. लांगोस्ताला नांग्या नसतात, लांब काटेरी मिशा असतात. म्हणजे आपली शेवंडच, फक्त जात वेगळी. लांगोस्ता हा शब्द लॅटिन ‘लोकुस्ता’वरून आला. त्याचा अर्थ टोळ, आणि आजही स्पॅनिशमध्ये टोळ आणि शेवंड दोन्ही लांगोस्ताच. यंत्राने केलेल्या अनुवादात ‘टोळांचा रस्सा’ निघाला तर चूक इथली असते.

प्रतिसाद : कृतीशिवाय शब्द कळणार नाही, म्हणून लिहितो. हा पदार्थ बेटाच्या उत्तरेकडच्या फोर्नेल्स गावाच्या नावाने ओळखला जातो. पाय-मिशा तुटल्यामुळे न विकलेली शेवंड कोळी पाण्यात शिजवत, असं सांगतात. आज ती चैन झाली आहे. धरायचा हंगाम साधारण एप्रिल ते ऑगस्ट, आणि कवच 90 मिलिमीटरपेक्षा लहान असेल तर युरोपीय संघाच्या नियमानुसार ती भूमध्य समुद्रातून आणता येत नाही.

4 माणसांना दोन जिवंत शेवंडी, मिळून दीड किलोच्या पुढे. 2 मोठे कांदे, अर्धा किलो किसलेले टोमॅटो, एक लांबट गोडी हिरवी मिरची, 5 लसूण पाकळ्या, 100 मिलिलिटर ऑलिव्ह तेल, दीड लिटर पाणी. शेवंड खोलगट ताटात कापा, सुटणारं पाणी वाया जाऊ देऊ नका. शेपटी सांध्यांवर आडवी, डोकं उभं दुभागून. डोळ्यांमागची वाळूची पिशवी काढून टाका, हिरवट यकृत वाटीत ठेवा. तुकडे तेलात 2 मिनिटं फिरवून बाहेर काढा.

त्याच तेलात कांदा मंद आचेवर 20 मिनिटं. तो करपला की सगळा रस कडू होतो आणि काही करून सुधारत नाही. मग मिरची, टोमॅटो, आणि तेल सुटेपर्यंत परतणं. याला तिथे ‘सोफ्रेजित’ म्हणतात, अर्थ ‘हलकं तळलेलं’. पाणी घालून आधी डोकी 20 मिनिटं उकळा, चव त्यांत असते. शेपटीचे तुकडे शेवटची 12-15 मिनिटं. जास्त झाले की रबरासारखे होतात.

खलात लसूण, पार्सली आणि यकृत कुटून पळीभर रसात सैल करा आणि अगदी शेवटी, आच कमी करून घाला. खळखळत्या रसात टाकलं तर यकृत फाटतं, रवाळ कण तरंगतात. मीठ या टप्प्यावर, कारण रस आटतो.

शेवंड जिवंतच का? मेल्यावर त्याच यकृतातले पाचक रस मांसात उतरतात आणि मांस भुसभुशीत होतं.

प्रतिसाद : कुटलेल्या वाटणातले बदाम सांगायचे राहिले. काही घरांत 10-12 भाजलेले घालतात, रसाला अंग येतं. काहींना ते अजिबात चालत नाही. माझं मत, ताजी शेवंड असेल तर नकोत. बदाम यकृताची खारट-गोड चव झाकतात.

पाव मात्र हवाच. एक-दोन दिवसांचा शिळा, 3-4 मिलिमीटर पातळ कापून कोरडा भाजलेला. जाड काप ठेवले तर वाडग्यातला रस सगळा पावच पितो.

प्रतिसाद : लिंगाबद्दल. मूळ भाषेत शब्द स्त्रीलिंगी. पण इटालियनमध्ये पिझ्झा आणि पास्ता दोन्ही स्त्रीलिंगी असून मराठीत ‘पिझ्झा मागवला’, ‘पास्ता उकडला’ असंच झालं. तेव्हा ‘तो काल्देरेता’, ‘काल्देरेत्यात पाव’ हे मराठीच्या वळणाचं. अनुवाद केला तर प्रश्नच उरत नाही, हंडी ‘ती’च. उच्चारात जोर ‘रे’वर द्या.