वीकेंडला स्विस लोकसंगीत लाइव्ह कुठे ऐकायला मिळेल? मदत हवी आहे

झुरिकला राहतो, आईबाबा आलेत. बाबा पेटी वाजवतात, परवा त्यांना यूट्यूबवर श्वीत्सरओर्गेली (इथला छोटा बटणांचा अकॉर्डियन) ऐकवली तर म्हणाले अरे ही तर आपल्या पेटीची बहीणच, आणि तेव्हापासून समोर बसून ऐकायचा हट्ट धरलाय. टुरिस्टांसाठीचा फाँड्यू-अल्पहॉर्नवाला शो नकोय, एकदा बघितला, पैसे गेले. गावातल्या गास्टहाउसात (खानावळीत) श्टुबेटे होते ना, वादक जमतात नि टेबलाभोवती बसून वाजवतात, तसलं हवंय. पूर्वेला आपेनझेल भागात दोन व्हायोलिन, चेलो, बास आणि आपल्या संतूरसारखं हाकब्रेट असा पाच जणांचा ताफा असतो, पण शनिवार-रविवारी नेमकं कुठे हे शोधायचं कसं? गोसाऊला गाडी बदलून जाऊ, फक्त आईचे गुडघे दुखतात त्यामुळे स्टेशनजवळचं सांगा. जर्मन कामापुरती येते, फोन करून विचारेन.