कमोड तुंबले आहे: दोष आमच्या घरातला की इमारतीच्या पाइपातला?

नेरूळकर_जुना
नेरूळमधील सिडकोच्या चारमजली इमारतीत आम्ही पहिल्या मजल्यावर राहतो. परवा रात्रीपासून कमोडमधले पाणी उतरेनासे झाले आहे. फ्लश केला की पाणी कडेपर्यंत चढते आणि मग अर्ध्या-पाऊण तासात सावकाश खाली जाते. काल मी त्यात संडास साफ करण्याच्या ॲसिडची अर्धी बाटली ओतली आणि सकाळी तीन बादल्या पाणी टाकले. उपयोग तर झाला नाहीच, वर सगळे पाणी लादीवर आले. सोसायटीचे सचिव म्हणतात की दोष घरातला आहे, आणि प्लंबर म्हणतो की कमोड उखडावे लागेल. घरात ऐंशी वर्षांची आई आहे आणि दुसरे शौचालय नाही. कमोड उखडण्यापूर्वी आणखी काय करून पाहता येईल?

पाचपाखाडीकर
आधी टाकीखालचा अँगल कॉक, म्हणजे टाकीत पाणी सोडणारा छोटा नळ, बंद करावा, म्हणजे कुणी सवयीने फ्लश ओढला तरी पुन्हा पूर येणार नाही. ॲसिडचा मोह मात्र आवरावा. त्यातले हायड्रोक्लोरिक आम्ल क्षाराचे थर विरघळवते. कापड, वाइप्स किंवा प्लॅस्टिक यांवर त्याचा काही परिणाम होत नाही. त्यावर आता ब्लीचिंग पावडर चुकूनही टाकू नये, कारण दोन्ही एकत्र आल्यास क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद न्हाणीघरात तो जीवघेणा ठरू शकतो.

दोष कुठे आहे हे ठरवण्यासाठी वरच्या मजल्यावरील शेजाऱ्यांना दोन-तीनदा फ्लश करायला सांगा आणि त्या वेळी आपल्या कमोडकडे लक्ष ठेवा. पाणी वर चढले किंवा गुडगुड असा आवाज आला तर अडथळा तुमच्या जोडणीच्या खाली, सामायिक पाइपात किंवा चेंबरमध्ये आहे आणि ते काम सोसायटीचे आहे. पाणी ढिम्म हलले नाही तर अडथळा बहुधा तुमच्याच कमोडच्या ट्रॅपमध्ये, म्हणजे भांड्यामागच्या त्या वळणात आहे, जिथे दुर्गंधी अडवण्यासाठी साधारण 50 मिलिमीटर पाणी कायम साठलेले असते. नहाणी ट्रॅपमधून, म्हणजे न्हाणीघराच्या लादीतल्या जाळीखालच्या वाटेने, पाणी नीट जाते म्हणून पाइप मोकळा आहे असे मात्र समजू नये. जुन्या इमारतींत मैल्याचा आणि सांडपाण्याचा पाइप बहुधा वेगवेगळा असतो.

सदाफुली
आमच्या ऐरोलीच्या घरी भांडी घासण्याचे लिक्विड आणि कोमट पाणी यांनीच काम झाले होते, पण तेव्हा अडकला होता तो नुसता कागद. पाणी हाताला सोसवेल इतपतच गरम असावे, कारण उकळत्या पाण्याने चिनी मातीच्या भांड्याला तडा जाण्याची भीती असते.

पाचपाखाडीकर
कोमट पाण्याचा उपाय योग्य आहे, परंतु यांच्या कमोडमध्ये ॲसिड आहे, त्यामुळे हातमोजे आणि चष्मा घालून, खिडकी उघडून, आधी ते पाणी डब्याने उपसावे आणि साधे पाणी घालावे. त्यानंतर प्लंजर, म्हणजे दांड्याला रबरी वाटी बसवलेले साधन, घ्यावा, पण बेसिनसाठीचा सपाट वाटीचा नको. कमोडसाठी वाटीच्या आत आणखी एक पुढे आलेली कड असलेला मिळतो आणि तोच छिद्रावर घट्ट बसतो. वाटी पाण्यात पूर्ण बुडलेली असावी. पहिला दाब हळू द्यावा, नाहीतर आतली हवा पाणी तोंडावर उडवते. त्यानंतर पंधरा-वीस वेळा दाबावे आणि तितक्याच जोराने ओढावे. बहुतेक जण फक्त दाबतात आणि अडकलेली वस्तू आणखी आत ढकलतात.

नेरूळकर_जुना
सविस्तर मार्गदर्शनाबद्दल आभारी आहे. वरच्या वहिनींनी तीनदा फ्लश केला, पण आमच्याकडचे पाणी तसूभरही हलले नाही. म्हणून उपसून, साधे पाणी घालून प्लंजर चालवला. तिसऱ्या खेपेस पाणी भरभर उतरू लागले, पण पूर्ण नाही. मग कपड्याच्या हँगरची तार सरळ करून तिच्या टोकाला आकडा वळवला, भांड्याला ओरखडे पडू नयेत म्हणून टोकाच्या मागे चिंधी गुंडाळली आणि वळणापर्यंत घातली. चौथ्या प्रयत्नात निळ्या सुगंधी वडीची प्लॅस्टिकची जाळी बाहेर आली, तिच्याभोवती केस आणि कागद यांचा गोळा गुंडाळलेला. वडी विरघळल्यावर जाळी तुटून आत पडली असावी, मात्र तिचा आकडा कमोडच्या कडेला जसाच्या तसा लटकत होता, त्यामुळे ती गेली आहे हे आमच्यापैकी कुणाच्या लक्षातच आले नाही.

प्लंबरला येऊ नका असे कळवले आहे. सचिवांचे म्हणणे बरोबर होते, हे त्यांना अजून सांगितलेले नाही.