आधी डिसेबल, मगच ड्रॉप
एचबेस या मोठ्या डेटासाठीच्या डेटाबेसमध्ये ड्रॉप (टेबल काढून टाकायची कमांड) देऊनही टेबल जात नाही, असं तुम्ही म्हणताय. तिथं चालू टेबल ड्रॉप होत नाही. आधी डिसेबल देऊन टेबल बंद करा, मग ड्रॉप. नावाला अवतरणचिन्हं हवीतच, कारण कमांड जिथं टाइप करतो ते शेल मुळात रुबी या प्रोग्रामिंग भाषेवर चालतं.

नुसता डेटा काढायचा असेल तर ट्रंकेट पुरे. पण तेही आतून टेबल पाडून नव्यानं उभं करतं, टेबलाच्या तुकड्यांच्या, म्हणजे रीजनच्या, सीमा जातात. त्या राखायच्या तर ट्रंकेट_प्रिझर्व्ह.

मी सरावाला आमच्या सांगलीच्या मार्केट यार्डातले हळदीचे सौदे घेतले होते. टेबल क्रिएट करताना फक्त कॉलम फॅमिली, म्हणजे कॉलमांचा गट, सांगायची. दर, वजन, पोती हे कॉलम पुट करताना, म्हणजे डेटा भरताना, आपोआप होतात. रो-की (प्रत्येक ओळीची ओळख) म्हणून साधा लॉट नंबर दिला आणि फसलो! स्कॅनमध्ये, म्हणजे ओळी वाचताना, २ च्या आधी १०. की बाइटच्या क्रमानं लागते, आकड्याच्या नाही; म्हणून ०००२ असं लिहा. दर दुरुस्त केला तर जुना दिसेना, कारण व्हर्जन्स, म्हणजे एका किमतीच्या किती आवृत्त्या ठेवायच्या तो आकडा, डीफॉल्ट १ असतं. पुढच्यासाठी अल्टर या टेबल बदलायच्या कमांडनं ३ करून घ्या.

मोठ्या टेबलावर काउंट नको, भडंग खाऊन चहा झाला तरी मोजतच बसेल. स्कॅनलाही लिमिट लावाच.