गाववाल्या पोराचा पिच्चर, अडीच स्टार आणि न ऐकू आलेलं वाक्य

औषधवाला

नमस्कार मंडळी. सिनेमावर लिहिणाऱ्यांना एक विचारायचंय. आधी थोडं मागचं सांगतो, नाहीतर प्रश्न अर्धाच कळेल.

साताऱ्यात माझं औषधाचं दुकान आहे. सहा वर्षांपूर्वी शाळेच्या बॅचच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर दर शुक्रवारी रात्री नव्या सिनेमावर चार ओळी टाकायला लागलो. बघा, बघू नका, इंटरव्हलला घरी जा, एवढंच. ते कुठे कुठे फॉरवर्ड होत गेलं आणि एक दिवस इथल्या एका दैनिकातून फोन आला, रविवारी साडेतीनशे शब्द द्याल का. मानधन विचारू नका, दोन तिकिटं आणि एक चहा निघतो. पण तेव्हापासून नावाखाली 'चित्रपट समीक्षक' छापून येतं. बायको हसते. गिऱ्हाईक मात्र 'एक खोकल्याची बाटली द्या, आणि तो नवा पिच्चर कसाय ओ?' एका दमात विचारतं.

पद्धत अजून तीच. शुक्रवारी दुपारी गल्ला भावाकडे द्यायचा आणि बाराचा शो गाठायचा. औषध कंपन्यांचे एमआर लोक पॅड देतात, त्यातलं एक खिशात. वर अ‍ॅसिडिटीच्या गोळीची जाहिरात, खाली माझी टिपणं. अंधारात लिहितो म्हणून ओळीवर ओळ चढते. डॉक्टरांची अक्षरं लावण्यात हयात गेली, पण माझं मलाच लागत नाही. एकदा लाइटवालं पेन नेलं होतं, तर शेजारच्या बाईंनी नवऱ्याशी जागा बदलून घेतली.

आता मूळ गोष्ट. परवाच्या शुक्रवारी आमच्या गावच्या पोराचा पहिला सिनेमा लागला. नाव मुद्दाम सांगत नाही. त्याचे वडील दर महिन्याला माझ्याकडून बीपीच्या गोळ्या नेतात. त्यांच्या फंडातलेही काही पैसे त्यात आहेत असं कानावर आहे. थिएटरात मोजून अकरा माणसं, त्यातली चार घरचीच.

साखर कारखान्यावर उसाच्या काट्यावर बसणारा कारकून आणि त्याचा मुलगा, अशी गोष्ट आहे. पूर्वार्ध आवडला. एक प्रसंग तर फार जमलाय. रात्री लाइट गेलेली, बाप ड्युटीवरून आलेला. मोबाइल तांब्याला टेकवून त्याच्या उजेडात उकडलेलं अंडं सोलतोय, टरफलं बनियनवर सांडतायत. अर्धं अंडं मुलापुढे सरकवता सरकवता तो काहीतरी बोलतो. मुलगा हात न लावता उठतो आणि बाहेर जातो. काय बोलला ते मला ऐकूच आलं नाही. मागून कोणीतरी विचारलंही, 'काय म्हन्ला?'

उत्तरार्ध मात्र लांबतच गेला. रात्री फेसबुकवर लिहिलं: ध्वनी गचाळ, छायाचित्रण अंधारलेलं, उत्तरार्ध रेंगाळलेला, अडीच स्टार. शनिवारी सकाळी आठला निर्मात्याकडच्या कोणाचा तरी फोन. 'सर, तीन करा ना. पोस्टरवर तीनच्या खाली टाकता येत नाही.' आवाज पडलेला होता बिचाऱ्याचा, धमकी वगैरे नाही.

पेपरचा मजकूर गुरुवारी द्यायचाय, तोवर सिनेमा बहुतेक उतरलेला असेल. तेव्हा विचारतो, फेसबुकवरचं तसंच ठेवू का? एवढ्या लहान सिनेमावर पहिल्याच रात्री लिहायला नको होतं का? आणि आवाज खराब आहे की थिएटर, हे खुर्चीत बसून ओळखायचं कसं?

उगीचच

तीन द्या की राव. अर्ध्या स्टारला काय जीएसटी लागतो? वर गोळ्यांचं गिऱ्हाईकही टिकेल.

सातवरचा फेडर

मी मिक्सिंगच्या स्टुडिओत काम करतो, म्हणजे सिनेमातले संवाद, संगीत आणि बाकीचे आवाज एकत्र बसवतात तिथे. हा सिनेमा आमच्याकडचा नाही, त्यामुळे मोकळेपणाने लिहितो. 'ध्वनी गचाळ' हे दोन शब्द वाचले की आमच्या पोटात गोळा येतो, कारण दहातल्या पाच वेळा तो गचाळपणा थिएटरचा असतो.

मिक्स करताना आमच्या खोलीतला आवाज ठरलेल्या पातळीवर बांधलेला असतो. डॉल्बीच्या प्रोसेसरवर तो आकडा ७. थिएटरही ७ वर चालवलं तर आम्ही ऐकलं तेच तुम्हाला ऐकू येईल. प्रत्यक्षात फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायचं बटण, ५ वर, कधी ४ वर असतो. याला कारण जाहिराती. त्या आणि ट्रेलर कर्कश असतात, लोक कानावर हात ठेवतात, ऑपरेटर आवाज उतरवतो. मग सिनेमा सुरू झाला तरी तो वर न्यायचा राहून जातो. मारामारीला काही फरक पडत नाही. मरतं ते पुटपुटलेलं वाक्य, एसीच्या घरघरीखाली.

ओळखायचं असं. संवाद मुख्यतः पडद्यामागच्या मधल्या स्पीकरमधून येतात, संगीत बाजूंनी पसरतं. संगीत स्वच्छ आणि माणसं गोधडीत तोंड घालून बोलल्यासारखी, तर मधल्या स्पीकरवर संशय घ्या. त्याच पडद्यावर दुसऱ्या सिनेमाच्या ट्रेलरमधली माणसंही तशीच बोलत असतील तर खात्रीच. म्हणून ट्रेलर चुकवू नका. बसायचं मधोमध, पडद्यापासून दोन तृतीयांश अंतरावर. तुम्ही कडेला बसत असाल, लवकर निसटता यावं म्हणून. सगळे समीक्षक बसतात.

अंधाराचंही तसंच. टू-डी सिनेमाला पडद्यावर १४ फूट-लॅम्बर्ट (हे उजेड मोजायचं माप) उजेड हवा, असं मानक आहे. पण प्रोजेक्टरमधला झेनॉनचा दिवा म्हातारा झाला तरी ओढत वापरतात. काही ठिकाणी थ्रीडीची काच प्रोजेक्टरपुढे तशीच राहते, ती तर निम्म्याहून जास्त उजेड खाते.

दुसऱ्या थिएटरात जाऊन ऐका. तिथेही ते वाक्य गेलं तर ते आमच्या लोकांचं पाप, खुशाल शिव्या घाला.

खिडकी नंबर दोन

बावीस वर्षं थिएटरच्या बुकिंगला होतो, त्यामुळे वरचं सगळं कबूल. फेडर मी स्वतः खाली करायला लावलाय. म्हातारी माणसं खिडकीवर येऊन भांडतात, तेव्हा तुमचं ७ ऐकायला वेळ नसतो.

पहिल्या रात्री लिहायला नको होतं का, तर साहेब, तेवढीच रात्र असते. रिळांच्या काळात एकदा प्रिंट आली की सिनेमा शुक्रवार ते गुरुवार हलायचा नाही. आता सगळं डिजिटल. बाराचा शो रिकामा गेला की संध्याकाळचा दुसऱ्याला दिलेला असतो. २०१५ साली सरकारने मल्टिप्लेक्सना दुपारी १२ ते रात्री ९ मध्ये मराठीचा एक शो ठेवायला लावला, तेव्हापासून बाराचे टोले पडले की मराठी! त्या वेळेला येणार कोण? कॉलेज बुडवलेली पोरं आणि तुम्ही.

म्हणजे सोमवारी चांगलं लिहिलंत तर ते श्राद्धाचं जेवण. आणि पडद्यावरच्या सेन्सॉर सर्टिफिकेटचा फोटो काढायची खोड असेल तर ती सोडा. पडद्याचं रेकॉर्डिंग केलं तर २०२३ च्या दुरुस्तीनंतर तीन महिने ते तीन वर्षं कैद आणि कमीत कमी तीन लाख दंड आहे. तुम्ही नुसता फोटो काढताय की शूटिंग, हे डोअरकीपरला अंधारात काय कळणार?

कोल्हापूरची एक

मी लिहीत नाही, वाचते. आम्ही चौघं. तिकिटं, पॉपकॉर्न, रिक्षा धरून दीड हजार जातात. मला शुक्रवारी रात्रीच कळलं पाहिजे. दिग्दर्शकाचे वडील कोणत्या गोळ्या घेतात याच्याशी मला काय करायचंय? पण लिहिणारा त्याच गावचा आहे, हे मात्र मला सांगितलेलं बरं. बाकी माझं मी बघेन.

बाल्कनीचा म्हातारा

औषधवाले, तुमची ती अंड्याची सहा वाक्यं तुमच्या फेसबुकच्या निकालापेक्षा कितीतरी चांगली आहेत. ती तिथे का नव्हती?

मी फिल्म सोसायटीतला. १९५९ साली सत्यजित राय अध्यक्ष होऊन सोसायट्यांचं फेडरेशन निघालं, त्याच्या पुढच्या लाटेत आमच्या गावची निघाली. सोळा एमएमचा प्रोजेक्टर, शाळेचा हॉल, मध्येच रीळ तुटायचं. सिनेमाआधी सायक्लोस्टाइल केलेलं एक पान वाटायचो. त्यात स्टार नव्हते. पुढे पुण्याला फिल्म इन्स्टिट्यूट आणि फिल्म आर्काइव्हचा रसास्वादाचा वर्ग केला, उन्हाळ्यात महिनाभर. तिथून एक सवय लागली ती अजून आहे. पहिल्यांदा काय दिसलं तेवढंच लिहायचं, मत दुसऱ्या दिवशी. 'छायाचित्रण सुंदर' लिहिलं की मी ते खोडतो आणि कॅमेरा कुठे ठेवला होता ते आठवायला बसतो. पुष्कळदा आठवत नाही. मग गप्प बसतो.

घाईच्या भांडणात पडू नका. तामिळ निर्मात्यांची संघटना पहिले तीन दिवस परीक्षणंच नकोत म्हणून २०२४ साली मद्रास उच्च न्यायालयात गेली होती. तशी सरसकट मनाई काही तिला मिळाली नाही. तेव्हा लिहा. पण आधी ते पॅड काढा आणि उत्तरार्धाबद्दल त्यावर खरोखर काय लिहिलंय ते इथे टाका.

औषधवाला

बाल्कनीकाका, पॅड काढलं. पूर्वार्धाची चार पानं भरलेली आहेत. उत्तरार्धाचं एकच पान, त्यावर तीनदा 'घड्याळ' आणि एकदा 'गाणं परत??'. बस. 'रेंगाळलेला' हा शब्द एवढ्या भांडवलावर लिहिला होता. आणि हो फेडरभाऊ, मी दाराजवळच्याच खुर्चीत होतो.

साताऱ्यातला शो रविवारीच निघाला. कराडला एक उरला होता, सोमवारी दुपारचा. स्कूटरवरून गेलो, पन्नासेक किलोमीटर पडतं. तिकीट १८०. नऊ माणसं होती. मधोमध बसलो, ट्रेलरसकट. ट्रेलरमधली माणसं नीट बोलत होती.

अंड्याचा प्रसंग आला. तिथे स्वच्छ ऐकू आलं. बाप अंडं सरकवतो आणि खाली बघतच म्हणतो, 'त्या हंगामात काटा मीच मारत हुतो.'

म्हणजे बघा. काटामारीचा, म्हणजे उसाचं वजन कमी दाखवल्याचा, आळ बापावर खोटाच आलाय असं धरून मी अख्खा उत्तरार्ध बघितला होता. मुलगा घर का सोडतो, चुलत्याच्या दारात उसाच्या पावत्या घेऊन का बसतो, यातलं काहीच लागत नव्हतं. म्हटलं पटकथा भरकटली. सगळी पटकथा त्या एका वाक्यावर टांगलेली आणि ते वाक्य आमच्या थिएटरात एसीने खाल्लेलं! आता एवढं महत्त्वाचं वाक्य इतक्या हळू बोलू द्यावं का, हा प्रश्न दिग्दर्शकाला विचारता येईल. मी तो विचारलाय. गाणं दुसऱ्यांदा येतं ते तिथेही नकोसंच झालं. शेवटी सरपंचाचं भाषण आहे, ते कराडलाही लांबच होतं. उजेडाचं मात्र चुकलंच माझं. लाइट गेलेली असूनही बापाच्या बोटांना चिकटलेली टरफलं दिसत होती.

सोमवारी रात्री फेसबुकवर जुनं न पुसता खाली लिहिलं की ध्वनी आणि छायाचित्रणाबद्दलची वाक्यं मागे घेतो, गाण्याबद्दलचं आणि भाषणाबद्दलचं नाही. दिग्दर्शक माझ्या गावचा आहे आणि त्याच्या घरच्यांना मी ओळखतो, हेही लिहिलं. कोल्हापूरच्या ताईंना धन्यवाद.

राहिले स्टार. गंमत अशी की आता मला खरोखरच तीन द्यावेसे वाटतात, आणि नेमके तेवढेच फोनवरच्या माणसाने मागितले होते. संपादकांना म्हटलं, स्टारच नकोत. ते म्हणाले, पानावर चौकट ठरलेली आहे, रिकामी सोडता येत नाही. मग तीन दिले आणि असा असा फोन आला होता, हेही मजकुरात घातलं. छापून आलं तेव्हा तीन स्टार होते, फोनचं वाक्य जागेअभावी गेलं होतं.

काल त्याचे वडील दुकानात आले. नेहमीच्या दोन स्ट्रिप. पिशवीत टाकून थोडा वेळ काउंटरपाशीच उभे राहिले.

'कराडला जाऊन बघितलास म्हणे.'

म्हटलं, हो.

'तिकीट?'

'एकशे ऐंशी.'

'आन् पेट्रोल?' म्हणाले आणि पाकीट उघडलं. मी गल्ला बंद केला, किल्ली खिशात टाकली, तरी ते उभेच.