मदत हवी आहे: बाबांकडून ‘पुढच्या चवथीची’ गोष्ट कशी काढून घ्यावी?

नमस्कार. आम्ही गोव्यातल्या फोंड्याजवळचे. मार्चमध्ये बाबांना पक्षाघाताचा झटका आला, उजवा हात अजून उचलत नाही. व्यायामाला बसवलं की एकच वाक्य, “आता काय उरलंय?” जुन्या आठवणी मात्र तासन्‌तास: कुळागर (माड-पोफळीची बाग), पाट, कोणत्या वर्षी माटोळीला (चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, गणपतीच्या वर बांधतात ती फळा-पानांची चौकट) केवढं तोरिंजन (मोठं लिंबूवर्गीय फळ) लागलं होतं!

मानसशास्त्रज्ञ लॉरा किंग यांचा २००१ चा प्रयोग वाचला. सगळं मनासारखं झालं तर पुढचं आयुष्य कसं असेल, हे विद्यार्थ्यांनी चार दिवस, रोज वीस मिनिटं लिहिलं. त्यांना बरं वाटू लागलं, पुढच्या काही महिन्यांत आजारपणही कमी दिसलं. पण ती धडधाकट पोरं. बाबा सत्तरीचे, आणि लिहिणार कशाने?

काल सहज विचारलं, “यंदा माटोळी कोण बांधणार?” बराच वेळ गप्प. मग म्हणाले, “दोरी मी धरीन, डाव्या हाताने. गाठ तू मार.” झटक्यानंतर पहिल्यांदाच ‘धरीन’ ऐकलं.

आता पुढे काय विचारू? ते बोलतील तसं मोबाईलवर रेकॉर्ड करून त्यांनाच ऐकवावं का? आणि चवथीपर्यंत हात नाहीच उठला, तर जास्त खचतील का? घरी कुणी असं केलं असेल, किंवा इथे कुणी फिजिओथेरपिस्ट असतील, तर कृपया सांगा.