हनुवटीचं इम्प्लांट : दुखण्यापेक्षा सूज अन् खर्रा पाहा

भाऊ, तू विचारलं का हनुवटीत इम्प्लांट टाकलं तं दुखते किती अन् वावरात कधी जाता येते. मी नागपूरले करून घेतलं, म्हणून सांगतो. ऑपरेशन तासाभराचंच, माझं खालच्या ओठाच्या आतून चिरा देऊन सिलिकॉनचा तुकडा हाडावर बसवला, काहींचं हनुवटीखालून करतात मंग बारीक व्रण राहते पण तोंडातले जंतू लागायची भीती कमी.

दुखणं गोळीनं भागते, खरा वैताग सुजीचा. पह्यले तीन-चार दिवस तोंड पाहून मायच म्हने, कायले केलं रे हे. ओठ बधिर, चहा पेताना गळे अन् मले समजेच नाही, तिथली नस ताणल्या जाते म्हणून, बहुतेकांचं काही आठवड्यांत-महिन्यांत परत येते पण क्वचित कायमचंही राहते, हे डॉक्टरले आधीच विचारून घे. आठवडाभर वरणाचं पाणी अन् पातळ खिचडी, भाकर विसर. पोतं उचलणं, कबड्डी महिनाभर तरी नाही. खरा आकार दिसाले दोन-तीन महिने लागतात.

अन् खर्रा बंद म्हणजे बंद! टाके तोंडात असताना तंबाखू-सुपारी घोळली तं जखम भरत नाही, पिकली तं इम्प्लांट काढाच लागू शकते (आपल्याकडचे पोट्टे हेच ऐकत नाहीत).

तुझे दात जुळत नसतील, जबडाच मागं असेल, तं इम्प्लांटनं चावा सुधरत नाही, आधी दातवाल्याले दाखव.