स्कॉटलंडमधलं 'टून' म्हणजे शहर की शेत?

रानवाट: एडिनबराबद्दल वाचत होते, तिथल्या जुन्या भागाला स्कॉट्स भाषेत 'ऑल्ड टून' म्हणतात, ते कळलं, टाऊनच असणार. पण मग 'फर्मटून' असा शब्द आला आणि ती नुसती शेतावरची पाचसहा घरं! शहराला आणि शेतावरच्या वस्तीला एकच शब्द कसा काय?

जुनीपोथी: कारण मुळात तो घरांचा शब्दच नाही, कुंपणाचा आहे. जुन्या इंग्रजीत 'टून' म्हणजे कुंपण घातलेली जागा, मग त्यातलं अंगण, मग शेतघर, वस्ती, आणि होता होता शहर. जर्मनमधे 'त्साउन' म्हणजे आजही कुंपणच, डचमधे त्याच मुळातल्या शब्दाचा अर्थ बाग झालाय. आपली वाडी आठवा ना, संस्कृत 'वाट' म्हणजे कुंपणातली जागा, त्यातून बागही झाली आणि वस्तीही. शब्दांचं नातं काही नाही हां, पण वाट तीच.

कोकणी_माणूस: आणि उच्चाराचं, इंग्रजीत 'ऊ' चा 'आऊ' झाला, स्कॉट्समधे झालाच नाही, म्हणून हाऊसला 'हूस' आणि माऊसला 'मूस'. म्हणजे टून हा टाऊनचा अपभ्रंश नाही, उलट जुना उच्चार त्यांनीच सांभाळलाय. मला हे फार आवडतं.

बांधावरून: फर्मटूनबद्दल थोडं. काही कुटुंबं मिळून जमीन खंडाने घ्यायची, प्रत्येकाच्या वाट्याला सलग तुकडा नाही तर इकडेतिकडे पट्ट्या, म्हणजे चांगली-वाईट जमीन सगळ्यांना मिळावी, आणि नांगर इतका जड की बैल एकत्र करूनच ओढायचा. चर्चजवळची वस्ती ती किर्कटून, गिरणीजवळची मिलटून. 18व्या शतकाच्या उत्तरार्धात जमीनदारांनी शेतं एकत्र करून एकेकाला द्यायला सुरुवात केली आणि या वस्त्या मोडल्या, बरीच माणसं देशोधडीला लागली. नावं मात्र राहिली, किर्कटन, मिल्टन नावाची गावं तिकडे कितीतरी आहेत.

रानवाट: बापरे, हे माहीतच नव्हतं. मग डंडी, डंबार्टन या तिथल्या गावांच्या नावांमधला 'डन' पण हाच का?

जुनीपोथी: तो गेलिक, म्हणजे स्कॉटलंडमधल्या केल्टिक भाषेतला 'दून', म्हणजे किल्ला. पण लांबचा संबंध आहे, जर्मानिक लोकांनी, म्हणजे इंग्रजी, जर्मन, डच या भाषा ज्यांच्या बोलीतून आल्या त्यांनी, हा शब्द फार पूर्वी केल्टिक लोकांकडूनच उचलला असं बरेच अभ्यासक मानतात. एडिनबराचं गेलिक नाव बघा, दून एडिन! न्यूझीलंडचं डनीडन त्यावरूनच. आणि शहराला कायद्याने टून नाही, 'बर्ग' म्हणायचे, 12व्या शतकात पहिल्या डेव्हिड राजाने व्यापाराचे हक्क दिले ते या बर्गांना. लोकांच्या तोंडी मात्र टूनच.